पिरोतची 'चिलीम'

चिलीम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं ते सांगायला नकोच. पण सर्बियात कुणी तुम्हाला अभिमानानं म्हणालं, "आमच्या घरात पणजीच्या हातची चिलीम आहे," तर दचकू नका. तिकडे 'चिलिम' म्हणजे लोकरीचं विणलेलं जाजम. फारसीतला 'गिलीम' तुर्कीत जाऊन 'किलिम' झाला आणि तुर्कांच्या मागोमाग बाल्कनच्या डोंगरांत शिरून 'चिलिम' झाला. सतरंजी आणि गालिचा हे आपले रोजचे शब्दही मूळचे फारसीच. सर्बियन भाषेत दुकानाला 'दुचान' म्हणतात, बदामाला 'बादेम', तव्याला 'तावा' आणि बक्षिसाला 'बाक्शिश'. युरोपातल्या एका कोपऱ्यातल्या बाईचं घर आपण समजतो तितकं अनोळखी नसतं, एवढंच यातून सांगायचं.

ही चिलिम विणणारं गाव म्हणजे पिरोत. सर्बियाच्या आग्नेय टोकाला, बल्गेरियाच्या सीमेजवळ, निशावा नदीच्या काठी वसलेलं. निश या मोठ्या शहरापासून सत्तरेक किलोमीटरवर. वस्ती पस्तीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. मध्य युरोपातून इस्तंबूलला जाणारा जुना राजमार्ग इथूनच जायचा. रोमन काळातही इथे मुक्कामाचं ठाणं होतं, त्याचं नाव तुर्रेस, म्हणजे बुरूज. आजही गावाच्या कडेला चौदाव्या शतकातला एक किल्ला उभा आहे. लोक त्याला नुसतं 'काले' म्हणतात (तुर्कीत किल्ल्याला 'काले'च म्हणतात) आणि मोम्चिलो नावाच्या लोकगीतांतल्या वीराशी त्याचं नातं जोडतात. रस्त्यावरचं गाव म्हटलं की वाटसरू येतात, व्यापारी येतात, सैन्यही येतं. १८७७-७८ पर्यंत इथे तुर्कांचा अंमल होता. १८७८ च्या बर्लिन परिषदेनंतर पिरोत सर्बियाकडे आलं. १८८५ च्या युद्धात बल्गेरियन सैन्य गावात शिरलं आणि पुढे दोन्ही महायुद्धांत पुन्हा बल्गेरियाचा ताबा आला. सत्ता बदलत गेल्या, घराघरांतले माग मात्र चालू राहिले.

तुर्की अमलात या गावाचं नाव होतं शेहिरक्यॉय, बोलताना शारक्यॉय. जुन्या गालिच्यांच्या बाजारात अजूनही 'शारक्यॉय किलिम' हा शब्द चालतो. पण घेणाऱ्याला बऱ्याचदा पत्ताच नसतो की हे सर्बियातल्या पिरोतचं जुनं नाव आहे. जिथे रात्री दिव्याच्या उजेडात बाईनं डोळे शिणवून विणलं, त्या गावाचं नावही मालावरून पुसलं गेलं. विणणारीचं नाव तर कधी नव्हतंच.

आता ही चिलिम विणतात कशी ते पाहू, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

माग उभा असतो, भिंतीला टेकवलेल्या मोठ्या चौकटीसारखा. विणणारी त्याच्यासमोर बुटक्या बैठकीवर बसते. ताणा लोकरीचा, बाणाही लोकरीचा. सुताचा एक धागा नाही, ही पिरोतची खास ओळख. इथे धोटा भिरकावून झरझर विणण्याचा प्रकार नाही. जेवढ्या भागात एक रंग हवा तेवढ्याच भागात बोटांनी ताण्याच्या धाग्यांमधून तो रंग ओवायचा, मागे फिरायचं, पुन्हा ओवायचं. शेजारचा रंग आला की दुसरी लडी हातात घ्यायची. मग 'तुपित्सा' नावाच्या जड, दातेरी लाकडी ठोकणीनं विणलेल्या ओळी दाबून बसवायच्या. पिरोतच्या जुन्या गल्ल्यांतून चालताना या ठोकण्यांचा आवाज घराघरातून येत असे, असं म्हातारी माणसं सांगतात. दळणाच्या घरघरीवरून आपल्याकडे जशी घरातली जाग कळायची, तसंच ते असणार.

दोन रंग शेजारी शेजारी विणले की त्यांच्यामध्ये एक उभी फट राहते. ती फार लांब झाली तर जाजम कच्चं होतं, म्हणून नक्षी सरळ उभी न नेता पायरीपायरीनं तिरकी न्यायची. बाल्कन आणि तुर्की किलिमांवर ते दातेरी, पायऱ्यापायऱ्यांचे आकार दिसतात ना, त्यांचा उगम हा आहे. ते सौंदर्यदृष्टीतून जितके आलेत तितकेच काटकसर आणि मजबुतीच्या विचारातून आलेत. आपल्या गोधडीचंही असंच आहे. टाक्यांच्या ज्या ओळी आज पाहुण्यांना कलात्मक वाटतात, त्या मुळात जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून घातलेल्या असतात.

या सगळ्या कारागिरीचा शेवट असा की चिलिमला उलटी बाजूच नसते. दोन्हीकडून नक्षी सारखीच. गाठ नाही, लोंबतं टोक नाही. आपल्यापैकी ज्यांनी शाळेत भरतकामाच्या तासाला उलटी बाजू बाईंपासून लपवली असेल, त्यांना यातलं कठीणपण लगेच कळेल.

समोर कागदावर नक्षी काढलेली नसे. मोजणी डोक्यात. आईच्या शेजारी बसून मुलगी शिकायची, इतके धागे सोड, इतके घे. जाजम रुंद असलं तर एका मागावर दोघी-तिघी, कधी जास्तही, खांद्याला खांदा लावून बसायच्या आणि प्रत्येकीनं आपापला पट्टा विणत न्यायचा. एकीची मोजणी चुकली की शेजारणीची नक्षी जुळत नाही. एकीचा हात सैल आणि दुसरीचा घट्ट असेल तर जाजम वाकडं होतं. तेव्हा गप्पा मारत, गाणी म्हणत विणायच्या हे खरं असलं, तरी लक्ष सगळ्यांचं सगळ्यांच्या हाताकडे. आमच्या बचत गटाच्या शिवणकामात जिचा टाका चांगला तिला बाकीच्या हळूच मध्ये बसवतात, ते या वेळी आठवलं.

नमुने जवळपास शंभर आणि त्यांत वापरायची वेगवेगळी चिन्हं सव्वाशेच्या घरात मोजली गेली आहेत. सगळ्यांत लाडकं चिन्ह म्हणजे कासव, त्यांच्या भाषेत 'कोर्न्याचा'. ते दीर्घायुष्याचं आणि घराच्या रक्षणाचं मानतात. आपल्या देवळातलं गाभाऱ्यासमोरचं कासव डोळ्यांपुढे येतंच, पण उगाच संबंध जोडायला जाऊ नये. बाईला घर पाठीवर घेऊन फिरणारा प्राणी जवळचा वाटला, तर त्याला वेगळं कारण कशाला हवं? कासवाखेरीज पाल आहे, आकडे आहेत, ताईत आहे, जेवणाचं मेज आहे. 'जुल' म्हणजे गुलाब आहे, आपल्या गुलाबातला 'गुल' तो हाच. आणि 'बोंबे', म्हणजे चक्क बॉम्बगोळे, हेही एका नमुन्याचं नाव आहे. ज्या गावावरून इतक्या फौजा गेल्या तिथल्या बायकांनी गुलाबाच्या शेजारी बॉम्बगोळा विणला, यात नवल वाटत नाही. घराबाहेर जे घडत होतं ते घरातल्या जाजमावर उतरलं. अनेक चिन्हांचे अर्थ आता कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. विद्वान एक सांगतात, विणकरणी दुसरं. मला तरी विणकरणींचं पटतं. त्या म्हणतात, आईनं असंच शिकवलं.

रंगांत लाल मुख्य. पूर्वी मंजिष्ठेच्या मुळ्यांपासून लाल, नीळ बाहेरून आलेली, अक्रोडाच्या सालींपासून तपकिरी, अशी झाडापाल्याची रंगाई होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक रंग आले आणि काम सोपं झालं. जुने जाणकार अजून त्या रंगांवर रुसलेले आहेत. अर्थात रुसायला त्यांचं काय जातं! मुळ्या उकळत चुलीच्या धुरात कोण उभं राहत होतं, तेही विचारायला हवं.

हे जाजम जायचं कुठे? सगळीकडे. ख्रिस्ती घरांत जमिनीवर, भिंतीवर, पलंगावर, मुलीच्या रुखवतात. चर्चमध्ये. मुसलमान गिऱ्हाइकांसाठी नमाजाच्या बैठकी विणल्या जात, त्यावर मेहराबीचा आकार. विणणारी ख्रिस्ती, गुडघे टेकणारा मुसलमान आणि मध्ये पिरोतची लोकर. पुढे सर्बियाच्या आणि मग युगोस्लाव्हियाच्या राजघराण्यानं चिलिमला राजचिन्हासारखा मान दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर राजे गेले, तो मानही गेला. २०११ पासून सरकारी समारंभांत पिरोतची चिलिम पुन्हा अंथरली जाऊ लागली. २००२ मध्ये तिला भौगोलिक नामांकनाचं संरक्षण मिळालं, म्हणजे आपल्या पैठणीला किंवा सोलापुरी चादरीला आहे तसं. २०१२ मध्ये सर्बियानं आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाची पहिली राष्ट्रीय यादी केली, तिच्यातही पिरोतचं विणकाम आहे. डोंगराच्या पलीकडे बल्गेरियात चिप्रोव्त्सी नावाचं गाव आहे. तिथले गालिचे याच घराण्यातले. त्यांना २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. मग मूळ कुणाचं, आधी कुणाचं, यावर दोन्हीकडचे अभिमानी भांडत असतात. डोंगराच्या दोन्ही उतारांवर एकाच जातीच्या मेंढ्या चरत होत्या आणि बायका विणत होत्या, सीमारेषा नंतर आली. पण हे भांडणाऱ्यांना कोण सांगणार?

इतके मानसन्मान वाचून वाटतं, विणकरणींचं आता चांगलं चाललं असेल. इथेच खरं दुखणं आहे.

एक चौरस मीटर चिलिम विणायला कित्येक आठवडे जातात. घरकाम सांभाळून नव्हे, जवळजवळ दिवसभर बसून. पाठ धरते, डोळे जातात, बोटांना भेगा पडतात. त्यापुढे लोकरीचा खर्च. एवढ्या कष्टाची योग्य मजुरी धरून किंमत सांगितली की गिऱ्हाईक म्हणतं, यंत्रावरचा गालिचा याच्या पाव किमतीत मिळतो. आमच्या गटातल्या बायका गोधडी विकायला प्रदर्शनात बसतात तेव्हा हेच ऐकतात. "कापड तर जुनंच आहे ना?" असं विचारणारी बाई बहुधा स्वतः उत्तम पर्स घेऊन आलेली असते. तिला कापडाची किंमत कळते, हाताची कळत नाही.

पिरोतच्या बायकांनी यावर एक उपाय शंभर वर्षांपूर्वीच पाहिला होता. पूर्वी लोकर देणारा व्यापारी, माल उचलणाराही व्यापारी, आणि रंगारीही पुरुष. बाईच्या वाट्याला मधलं काम. १९०२ मध्ये पिरोतमध्ये चिलिम विणणाऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. माल एकत्र विकायचा, दर्जा सांभाळायचा. सहकार हा शब्द आपल्याकडे साखर कारखान्यांमुळे घराघरात पोचायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. समाजवादी युगोस्लाव्हियाच्या काळातही विणकाम चालू राहिलं, पण त्या काळात गावात कारखाने आले. १९३५ मध्ये सुरू झालेली रबराची 'टिगर' कंपनी मोठी झाली. तिचे टायर आजही पिरोतमध्ये बनतात, मालकी आता मिशलॅन या फ्रेंच कंपनीकडे आहे. 'प्रवी माय', म्हणजे 'एक मे', या नावाच्या तयार कपड्यांच्या कारखान्यात हजारो बायका कामाला होत्या. महिन्याला ठरलेला पगार, सुट्टी, म्हातारपणी पेन्शन. कोणती शहाणी आई मुलीला म्हणेल की हे सोडून मागावर बैस? विणकाम मागे पडलं ते मुली आळशी झाल्या म्हणून नव्हे. त्यांना बरी नोकरी मिळाली म्हणून. परंपरा बुडाल्याचे गळे काढणाऱ्यांनी हे विसरू नये.

मग नव्वदच्या दशकात युगोस्लाव्हिया फुटला, युद्धं झाली, १९९२ मध्ये निर्बंध आले, कारखान्यांचे दिवस फिरले. आणि तोवर आईजवळ बसून मोजणी शिकलेल्यांची साखळी तुटत आली होती. या शतकाच्या सुरुवातीला पिरोतमध्ये सगळी कामं येणाऱ्या विणकरणी अगदी थोड्या राहिल्या होत्या. त्यांतल्याच काहीजणींनी पुन्हा सहकारी संस्थेचा रस्ता धरला. एका संस्थेचं नाव आहे 'दाम्स्को स्र्त्से', म्हणजे बाईचं हृदय. त्या विणतात आणि नव्या मुलींना शिकवतातही. मोठं जाजम घेणारे कमी, म्हणून बॅगा, उशांचे अभ्रे, छोट्या भिंतीवरच्या चौकटी असंही करतात. काही जाणकारांना हे रुचत नाही. मला यात काही गैर दिसत नाही. छोट्या वस्तूवर कासव विणलं तरी विणायला हात तोच लागतो, आणि त्याचे पैसे याच महिन्यात मिळतात.

आता या जाजमाच्या लोकरीकडे वळू, कारण गाव आणि डोंगर वेगळे काढताच येत नाहीत.

पिरोतच्या ईशान्येला स्तारा प्लानिना, म्हणजे 'जुना डोंगर', नावाची रांग आहे. सर्बिया आणि बल्गेरियाची सीमा तिच्या माथ्यावरून जाते. मिजोर हे तिच्या सर्बियातल्या भागाचं सर्वोच्च शिखर २,१६९ मीटर उंच. आपल्या कळसूबाईपेक्षा सव्वापट उंचीचं म्हणा. 'बाबिन झूब', म्हणजे आजीचा दात, असंही एक शिखर आहे. तिकडच्या आजीला एखादाच दात उरला असावा. वरच्या भागात गवताळ माळ, खाली बीच आणि ओकची रानं, मध्ये झरे, ओहोळ आणि धबधबे. १९९७ पासून सर्बियाच्या बाजूचा भाग संरक्षित निसर्गोद्यान आहे. साठ मीटरहून उंच असलेला पिल्स्की धबधबा तज्ज्ञांनी 'शोधला' तो २००२ मध्ये. तोप्ली दोल गावच्या मेंढपाळांना तो बापजाद्यांपासून माहीत होता, पण मेंढपाळाच्या माहितीला शोध म्हणत नाहीत.

या माळांवर चरणारी पिरोतची स्थानिक मेंढी काटक, लांब केसांची. तिची लोकर राठ पण चमकदार आणि टिकाऊ. जाजमाला अशीच लोकर लागते, मऊ लोकर झिजून जाते. गेल्या शतकात जास्त दूध आणि मांस मिळावं म्हणून इतर जातींशी संकर झाले आणि शुद्ध स्थानिक मेंढ्या फार थोड्या उरल्या. डोंगरातली गावंही रिकामी झाली. तरुण पिरोतला, बेलग्रेडला, जर्मनी-ऑस्ट्रियाला गेले. मेंढी पाळायला माणूस नाही, लोकर कातायला म्हातारी नाही. म्हणजे चिलिम वाचवायची तर एकट्या विणकरणीला पुरस्कार देऊन भागत नाही, तिच्यामागे सगळी वाट उभी करावी लागते. आपल्याकडे घोंगडीचं हेच झालं. धनगरांच्या दख्खनी मेंढ्या कमी झाल्या, लोकरीला भाव राहिला नाही आणि सणगर विणकरांचे माग बसले. घोंगडी विठोबाची आवडती असूनही तिचं काही चाललं नाही.

दुधाचं मात्र बरं चाललं आहे. पिरोतचं 'काच्कवाल्य' नावाचं पिवळसर चीज सगळ्या देशात नावाजलेलं आहे. दूध विरजून, दही गाळून त्याचा घट्ट गोळा आंबू देतात, मग त्याचे काप गरम पाण्यात बुडवून कणकेसारखे मळतात आणि साच्यात घालून महिनोन्‌महिने मुरवतात. पिरोतमध्ये दुग्धव्यवसायाची शाळाही आहे. सामिष खाणाऱ्यांसाठी तिथली 'पेग्लाना' म्हणजे इस्त्री केलेली सॉसेज प्रसिद्ध आहे. ती वाळत असताना दर काही दिवसांनी बाटलीनं लाटून चपटी करतात. इस्त्री कुठे आणि लाटणं कुठे, पण नाव इस्त्रीचंच. थंडीत तिचा मेळा भरतो. मेळ्यातल्या गर्दीचा चौथा हिस्सा तरी चिलिमच्या दुकानी वळायला हवा होता, पण पोटापुढे भिंतीवरच्या जाजमाचं काय चालणार!

डोंगराच्या पोटातली एक आठवण पिरोतकर विसरत नाहीत. फेब्रुवारी १९६३ मध्ये विसोचित्सा नदीच्या दरीत प्रचंड दरड कोसळली. नदी अडली, पाणी तुंबत गेलं आणि झावोय नावाचं अख्खं गाव पाण्याखाली गेलं. घरं, चर्च, सगळं. माणसं बाहेर पडली आणि पिरोतजवळ 'नवं झावोय' वसवून राहिली. पुढे त्याच जागी पक्कं धरण बांधलं आणि १९९० मध्ये तिथल्या पाण्यावर वीजकेंद्र सुरू झालं. आज त्या निळ्याशार तळ्यावर सहली जातात, फोटो काढतात. आपल्याकडे कोयना आणि उजनीच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली, त्यांना तळं सुंदर आहे असं म्हणून पाहा. त्या घरातली म्हातारी काय उत्तर देते ते ऐका.

पाण्याचीच दुसरी गोष्ट अलीकडची. गेल्या दशकात स्तारा प्लानिनाच्या ओढ्यांवर पन्नासहून अधिक छोटे जलविद्युत प्रकल्प उभारायची योजना निघाली. 'छोटे' म्हटलं की निरुपद्रवी वाटतं. पण यात ओढ्याचं पाणी वरच्या अंगालाच पाइपात घालायचं आणि खाली टर्बाइनवर सोडायचं. मधल्या पात्रात जेमतेम ओल. मासे गेले, गुरांचं पाणी गेलं, झाडं वाळली. २०१८ मध्ये पिरोतच्या रस्त्यावर या विरोधात मोठा मोर्चा निघाला. तोप्ली दोल या मूठभर वस्तीच्या गावात, जिथे बहुतेक माणसं म्हातारी, तिथे लोकांनी २०१९ मध्ये गावात येणाऱ्या पुलावर पहारा बसवला. थंडीत शेकोट्या पेटवून पाळीपाळीनं बसले, बाहेरून तरुण मदतीला आले, आणि यंत्रं आत जाऊ दिली नाहीत. बायका पहाऱ्यावरही होत्या आणि पहारेकऱ्यांच्या स्वयंपाकावरही, हे वेगळं सांगायला नको. २०२१ मध्ये सर्बियाच्या निसर्ग संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन संरक्षित क्षेत्रांत अशा पाइपबंद प्रकल्पांना मनाई करण्यात आली. राष्ट्रहिताच्या नावाखाली अपवादाची फट ठेवलीच आहे. त्यामुळे पहारेकऱ्यांनी शेकोट्या विझवल्या असल्या, तरी लाकडं टाकून दिली नसावीत.

कधी काळी इस्तंबूलकडे किंवा सोफियाकडे जाताना पिरोतला उतरण्याचा योग आला, तर गावातलं एक घर चुकवू नका. 'धाकट्या रिस्ता'चा वाडा म्हणून ते ओळखलं जातं. १८४८ मध्ये एका श्रीमंत व्यापाऱ्यानं बांधलेलं, वर मोठे सज्जे, आत कोरीव लाकडी छतं. आता तिथे पोनिशाव्ल्ये संग्रहालय आहे, म्हणजे निशावाकाठच्या मुलखाचं. त्यात पोशाख, मातीची भांडी आणि अर्थातच चिलिमी. वाडा व्यापाऱ्याच्या नावानं ओळखला जातो. भिंतीवरची जाजमं कुणी विणली त्यांची नावं शोधू नका, बहुतेकांवर ती मिळणार नाहीत.

वेळ असला तर गावाबाहेर येर्मा नदीच्या घळईतला पोगानोवोचा मठही पाहावा. चौदाव्या शतकातला, आतली भित्तिचित्रं १४९९ ची. कड्यांच्या कुशीत तो असा बसलाय की वळण घेईपर्यंत दिसतच नाही.

आणि चिलिम विकत घ्यायची असेल तर दोन गोष्टी बघा. पहिली, ती उलटून पाहा. दोन्ही बाजू अगदी सारख्या दिसल्या पाहिजेत. एका बाजूला धाग्यांची टोकं लोंबत असतील तर ती पिरोतची नव्हे. दुसरी, कडेला झालरीसारखे सुटे राहिलेले ताण्याचे धागे बोटांत चुरून पाहा. ते लोकरीचे हवेत. सुती लागले तर विकणाऱ्याला नमस्कार करून पुढे चला. तिसरी गोष्ट पाहण्याची नाही, विचारायची आहे: ही कुणी विणली? विणकरणींच्या संस्थेत विचारलंत तर बहुधा विणणारीच समोर बसलेली असते. मग किंमत तिलाच विचारा, आणि ती सांगेल त्यात घासाघीस करू नका.